खानदेशातील स्थळनोंद आणि मुक्तस्रोत नकाशाप्रणाली

तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे येथे बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये उत्खनन केले, तेव्हा ते गाव पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. पुढे ते धुळे जिल्ह्यात व १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात मोडू लागले. म. न. देशपांडे यांनी उत्खनन केलेले गिरणाकाठचे बहाळ ज्या पूर्व खानदेशात होते, तो जिल्हा आज जळगाव म्हणून ओळखला जातो. सारांश, जिल्ह्याच्या नावावर विसंबलेली स्थळनोंद टिकाऊ नसते. अक्षांश-रेखांश हाच तिचा खरा आधार होय.

तथापि अक्षांश-रेखांशही निरपेक्ष नसतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये निश्चित केलेल्या पृथ्वीच्या आकारमानावर आधारलेले आहेत. उपग्रहाधारित यंत्रे १९८४ चे जागतिक मान वापरतात. एका मानाचे आकडे दुसऱ्यावर जसेच्या तसे मांडल्यास पांढरीचे टेकाड नकाशावर सरकते आणि नदीपासूनचे त्याचे अंतर चुकते. धुळे परिसरातील बेसाल्टमधील डाइक व ताम्रपाषाणयुगीन वसाहती एकत्र मांडताना हा दोष निष्कर्षापर्यंत पोहोचतो.

अमेरिकी सैन्याच्या बांधकाम-संशोधन प्रयोगशाळेत १९८२ मध्ये आरंभलेली ‘ग्रास’ प्रणाली १९९९ मध्ये मुक्त सार्वजनिक परवान्याखाली आली. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये ‘क्यूजीआयएस’ची उभारणी सुरू केली. या प्रणाली विनामूल्य आहेत, ही गोष्ट गौण होय. मानांतराचे गणित त्यांत उघडे असल्याने ते दुसऱ्या अभ्यासकास पडताळता येते, हे त्यांचे खरे महत्त्व. परंतु अपुरे टिपण कोणतीही प्रणाली पुरे करीत नाही. मूळ मान, नकाशाचा क्रमांक व मोजणीची तारीख वहीत नोंदविणे, हे क्षेत्राभ्यासकाचेच कर्तव्य राहते.