वास्तूचे जतन, श्रमाचे विस्मरण : फिनिक्स गिरणीच्या रूपांतराचा अभ्यास

प्रस्तावना :
औद्योगिक वास्तूचा इतिहास म्हणजे तेथे कोणाला कोणत्या नात्याने प्रवेश होता याचाही इतिहास होय. प्रस्तुत लेखात लोअर परळ (मुंबई) येथील फिनिक्स गिरणीच्या रूपांतराचा या दृष्टीने विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली. फिनिक्स मिल्स कंपनीची स्थापना १९०५ ची. कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांच्या चाळी, खानावळी व भजनी मंडळे यांतून गिरणगाव घडले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी संप पुकारला. त्यानंतर अनेक गिरण्यांची धडधड कायमची थांबली.

रूपांतराचे कारण :
१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार गिरणीची मोकळी जमीन, तसेच बांधकाम पाडून मोकळी होणारी जमीन, महापालिका, म्हाडा व मालक यांत ढोबळमानाने तीन वाट्यांत विभागली जाणार होती. मात्र उभे बांधकाम व्यापारी कामासाठी वापरण्यास मुभा होती. साहजिकच जुन्या इमारती राखण्यातच मालकांचा लाभ होता. या चौकटीत फिनिक्सच्या आवारात दुकाने व करमणुकीची केंद्रे आली; गिरणीची चिमणी संकुलाची खूण म्हणून राखली गेली. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती मर्यादित केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या विरोधी निकालानंतर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ती दुरुस्ती वैध ठरविली. परिणामी उद्याने व सार्वजनिक घरांसाठी मिळू शकणारी बरीच जमीन हातची गेली.

निष्कर्ष :
चिमणी राहिली, परंतु साचेखात्यातील श्रमाची स्मृती त्या आवारात उरली नाही. ती नीरा आडारकर व मीना मेनन यांच्या २००४ मधील मौखिक इतिहासग्रंथासारख्या प्रयत्नांमुळे टिकली. आपल्या तारापूर औद्योगिक वसाहतीच्या संदर्भात हा धडा मोलाचा आहे. येथील कारखान्यांचे हजेरीपट, वेतनपत्रके व निवृत्त कामगारांच्या आठवणी आजच संकलित करणे हे बोईसर-पालघर परिसरातील महाविद्यालयांचे कर्तव्य ठरते. कारण रिकाम्या इमारतीला नवा वापर मिळू शकतो, गेलेली साक्ष मात्र परत मिळत नाही.