नाणं वाजवून घ्यावं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, आज स्टुडिओत येताना मी खिशात दोन नाणी घेऊन आलो आहे. पहिला रुपया १८९० सालचा, राणीछाप. समोरच्या टेबलावर टाकतो, ऐका. आता हे दुसरं. दिसायला तसंच, साल तेच, राणीही तीच. हे टीव्हीवरून मागवलेलं आहे. ऐकलंत? पहिलं घंटेसारखं बोललं आणि बोलत राहिलं. दुसरं डब्याचं झाकण पडावं तसं पडलं.

आपल्या बोलीत नाणी फार खुळखुळतात. भरवशाचा माणूस म्हणजे 'बंदा रुपया'. स्पष्ट बोलणाऱ्याचं 'नाणं खणखणीत'. घरातलंच माणूस उलटलं की 'आपलाच दाम खोटा', आणि अब्रू गेली की 'नावाला बट्टा लागला'. हे शब्द कवींनी बसून रचलेले नाहीत. ते बाजारातून आले आहेत. आपल्या पणजोबाच्या हातावर कुणी रुपया ठेवला, तर तो आधी दगडावर आपटून वाजवायचा, मग दाताखाली धरायचा, मग कनवटीला लावायचा. नाणं घेणं म्हणजे नाणं पारखणं. ही सवय कशी गेली आणि ती गेल्यावर काय झालं, ते आज सांगायचं आहे.

२००९ सालची गोष्ट. साक्रीला आमच्या आपाच्या घरी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे, दुपारी टीव्ही चालू असायचा. मालिका संपल्या की एका वाहिनीवर वस्तूविक्रीचा कार्यक्रम लागे. कोट घातलेला एक गृहस्थ मखमली पेटी उघडायचा. आत दहा नाणी. शिवरायांचा होन, जहांगीर बादशहाचा राशीचा रुपया, राणीछाप रुपया, रामदरबाराचं नाणं. 'इतिहासाचा अनमोल ठेवा, मर्यादित संख्या, प्रमाणपत्रासह.' पडद्याच्या कोपऱ्यात आकडा उतरत असे, आता पन्नासच पेट्या उरल्या, आता तीस. मागं फोनच्या घंटा वाजत. किंमत २,९९९ रुपये. आणि शेवटी एक वाक्य, 'आज घ्या, मुलीच्या लग्नापर्यंत लाखमोलाचं होईल.'

आपाला तेव्हा नात झाली होती. आपाकडे अम्मीची माळ होती, काळ्या गोफात ओवलेले चांदीचे तेरा रुपये. एकाची कडी तुटली होती म्हणून तो वेगळा, सुईदोऱ्याच्या डबीत पडून होता. उरलेले बारा तिनं मोडीत दिले. त्या वर्षी चांदी किलोला साधारण बावीस हजारांच्या आसपास होती. घट वजा जाता अडीच हजार हातात आले. त्यात वरचे पाचशे घालून तिनं पेटी मागवली. आम्हा भावांना सांगितलं नाही. नातीसाठी काहीतरी मोठं करून दाखवायचं होतं तिला.

कुरिअरवाला आला. आधी पैसे, मग खोकं. पूर्वी मासिकांतल्या जाहिराती वाचून लोक व्हीपीनं घड्याळ मागवत, तेव्हाही पोस्टमन आधी पैसे घ्यायचा. पद्धत जुनीच.

संध्याकाळी आपानं मोठ्या कौतुकानं पेटी माझ्यापुढं ठेवली. मी लहानपणी उर्दू शिकलो, त्यामुळे फारसी अक्षरं लावता येतात. मोगल नाण्यांची मला आधीपासून ओढ होती, कारण जहांगीरच्या अनेक नाण्यांवर शेर कोरलेले आहेत. नाण्यावर कविता छापणारं राज्य कोणत्या कवीला आवडणार नाही? मी तो राशीचा रुपया उचलला आणि वाचायला लागलो. वाचताच येईना. चष्मा पुसला, दिव्याखाली धरला. तिथं अक्षरं नव्हतीच. अक्षरांसारख्या दिसणाऱ्या रेघा होत्या. ज्यानं साचा कोरला, त्याला लिपी ठाऊक नव्हती. त्यानं फक्त वळणं उतरवली होती, नुक्ते मनाला येतील तिथं टाकले होते. बादशहाचं नावसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पेटी ओळखीच्या सराफाकडे नेली. त्यानं राणीच्या रुपयाजवळ लोहचुंबक धरलं. रुपया टपकन चिकटला. तो अहिराणीत एवढंच म्हणाला, "भाऊ, हाई चांदी नही शे." हे आपाला सांगायचं काम माझ्याकडे आलं.

आता थोडं मागं जाऊ. आपला खानदेश नाण्यांच्या वाटेवरचा प्रदेश. सतराव्या शतकात ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बुऱ्हाणपूरला गेला तो नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा या वाटेनं. सुरतेच्या बंदरात गलबतांतून चांदी उतरे. त्यातली पुष्कळशी मुळात अमेरिकेतल्या स्पॅनिश खाणींतली. सुरतेच्या टांकसाळीत ती वितळवून तिचे मोगली रुपये पाडत. बुऱ्हाणपूरलाही टांकसाळ होती. साक्रीहून पिंपळनेर, ताहाराबाद करत बागलाणात गेलं की मुल्हेर लागतं. मोगलांनी त्याला औरंगनगर म्हटलं, त्या नावाची नाणी आहेत. पुढं मराठेशाहीत चांदवडी रुपया या मुलखात घरोघर ठाऊक होता.

एका बाजारात इतके रुपये आले की त्यांची पारख करणारा लागतो. तो सराफ. मोगल काळात ताज्या सालचा रुपया पूर्ण किमतीला चाले, जुन्या सालच्या रुपयावर कसर कापत. ही कसर म्हणजेच बट्टा. मराठेशाहीत टांकसाळींचे परवाने सोनारांना, खाजगी माणसांना दिले जात आणि काही जण हलकं नाणं पाडत. मराठ्यांच्या नाण्यांवर आणि टांकसाळींवर न्यायमूर्ती रानड्यांचा एक निबंध आहे, त्यात ही सगळी हकिगत येते. म्हणजे लबाडी तेव्हाही होती, सराफही काही संत नव्हता. पण तो तुमच्यासमोर बसलेला असे. त्याची कसोटी आणि तराजू तुम्हाला दिसत. एकानं जास्त बट्टा सांगितला तर उठून शेजारच्या पेढीवर जाता येई. आणि गिऱ्हाईकही अगदी अडाणी नसे, नाणं वाजवून घेणं त्याला कळत होतं.

१८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन ब्रिग्जनं धुळ्याला कचेरी थाटली. १८३५ साली कंपनी सरकारनं आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. हाच आपला तोळा. जुनी माणसं रुपया तराजूत टाकून तोळा मोजत, ते यामुळेच. हे प्रमाण शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ साली रुपया निकेलचा झाला.

एकसारखा रुपया आल्यानं गरिबाचं भलं झालं, यात शंका नाही. बट्ट्याची कटकट गेली. पण त्याबरोबर पारखही गेली. छाप बघितला की पुरे. राजाचा चेहरा किंवा सिंहांची राजमुद्रा दिसली की नाणं खरं. नाणं वाजवायचं काम आपण सरकारवर सोपवलं. चलनाच्या नाण्यापुरतं ते ठीकच आहे. पण छापावर विश्वास ठेवायची ही सवय पुढं कुठल्याही छापाला लागू पडली. पेटीवर राजमुद्रेसारखं काही दिसलं, कागदावर गोल शिक्का दिसला, कोटातल्या माणसानं 'प्रमाणित' म्हटलं, की आपले हात जोडले जातात. टीव्हीवर नाणं चकाकताना दिसतं, पण वजन करता येत नाही, घासता येत नाही, वाजवता येत नाही. प्रमाणपत्र कुणाचं, तर विकणाऱ्याचंच.

हे केवळ आपल्याकडे होतं असं समजू नका. अमेरिकेत टीव्हीवरून नाणी विकण्याचा धंदा आपल्या आधीपासून आहे. २००१ साली न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडले. २००४ साली तिथं 'फ्रीडम टॉवर सिल्व्हर डॉलर' नावाचं नाणं टीव्हीवर विकायला आलं. मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यातून मिळालेली चांदी त्यात आहे, ते सरकारमान्य आहे, असा दावा होता. पॅसिफिक महासागरातल्या उत्तर मारियाना बेटांचं नाव त्याला दिलं होतं. ही बेटं अमेरिकेच्याच ताब्यातली, त्यांना स्वतःचं नाणं काढायचा अधिकारच नाही. चांदी होती ती वरच्या मुलाम्यापुरती. न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलनं कोर्टात जाऊन ती विक्री थांबवली. लोकांनी ते नाणं का घेतलं? दुःख होतं म्हणून. आपानं पेटी का घेतली? माया होती म्हणून. हा धंदा माणसाच्या हावेवर चालतो असं म्हणतात. मला वाटतं, तो मायेवर जास्त चालतो.

आपाच्या पेटीतलं रामदरबाराचं नाणं घ्या. त्यावर राम, लक्ष्मण, सीता, मारुती आणि मागं ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, साल १८१८. असं नाणं कंपनीनं कधीच पाडलं नाही. यात्रेत, देवळापाशी श्रद्धेनं घ्यायचे टाक असतात, त्यातलाच हा प्रकार. काहींवर १६१६, १७१७ अशी सालं असतात. श्रद्धेनं देव्हाऱ्यात ठेवा, कुणाची ना नाही. पण तो इतिहास म्हणून हजारोंना विकणं ही फसवणूक आहे. शिवरायांच्या होनाचंही तेच. तो सोन्याचा आणि अतिशय दुर्मिळ. अस्सल नमुने हाताच्या बोटांवर मोजावेत असे. तो इतर नऊ नाण्यांसह तीन हजारांत घरपोच येईल का, एवढा एक प्रश्न पुरे होता.

टीव्हीनंतर मोबाइल आला. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखाला जातं, अशी आवई उठली. ते नाणं सरकारनंच चलनात आणलेलं, ढिगानं पाडलेलं. 'तुमचं नाणं आम्ही घेतो, आधी कमिशन भरा' म्हणणारे भेटू लागले. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून असं होतंय, म्हणून २०२१ च्या ऑगस्टमध्ये बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला की आम्ही अशा व्यवहारात नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. त्याच वर्षी जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं टीव्हीवर चमत्कारी यंत्रं विकणाऱ्या जाहिराती बेकायदा ठरवल्या. आधार होता महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा.

मग नाण्याला मोल कशानं येतं? एक उदाहरण सांगतो. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला एक घबाड सापडलं. तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं पुन्हा आपला छाप मारला होता. हरलेल्या राजाचं नाणं जिंकलेल्यानं आपलं केलं. सातवाहनांचा हा विजय ते घबाड एकत्र सापडलं म्हणून इतका लख्ख कळला. तीच नाणी एकेक करून मखमलीत विकली गेली असती, तर चांदीचे तुकडे उरले असते. नाणं कुठल्या मातीत, कुणाच्या हाती, कशाबरोबर सापडलं यात त्याचा इतिहास असतो. म्हणून तर १८७८ चा कायदा सांगतो की जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं जुनं घबाड मिळालं, तर कलेक्टरला कळवायचं. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर विकता येत नाही.

ज्यांना नाणी जमवायचा नाद आहे, त्यांनी तो जरूर करावा. पण आधी पुस्तक घ्यावं, मग नाणं. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. तिथं जाऊन अस्सल वस्तू डोळ्यांखालून घालावी. सरकारची स्मरणनाणी हवीत तर सरकारी टांकसाळीच ती जाहीर किमतीला विकतात. राणीछाप रुपया घेताना तो तराजूत टाकावा, लोहचुंबक लावून बघावं. आणि पैसे देण्याआधी वाजवावा. जो वाजवू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

आपाचे बारा रुपये कधीच आटले. २०२५ साली चांदी किलोला लाखाच्या पलीकडे गेली, तेव्हा मी हिशेब मांडून पाहिला आणि कागद फाडून टाकला. कारण आपाचं नुकसान चांदीच्या भावात मोजण्यासारखं नव्हतं. ती माळ कड्या लावलेली होती. संग्राहकानं तिला डागी नाणी म्हणून कमीच मोल दिलं असतं. पण घासून गुळगुळीत झालेल्या त्या राणीच्या गालावर अम्मीच्या गळ्याचा घाम होता.

कडी तुटलेला तेरावा रुपया तेवढा वाचला. सुरुवातीला तुम्ही ऐकलात तो हाच. आपानं तो नातीला दिला आहे, मी आजच्यापुरता मागून आणला. ती आता सोळा वर्षांची आहे. देताना तिनं तो ओट्याच्या फरशीवर टाकून वाजवून घेतला आणि म्हणाली, "नाना, परत आणाल तेव्हाही वाजवून घेईन हं."