टीपकागदावरचे रक्त

साखरेऐवजी ॲस्पार्टेम वापरलेल्या गोळ्यांच्या डबीवर किंवा ‘डाएट’ शीतपेयाच्या कॅनवर बारीक अक्षरांत एक सूचना छापलेली असते: फिनाइलकीटोन्यूरियाच्या रुग्णांसाठी नाही. बहुतेकांचे तिकडे लक्षच जात नाही. ज्याचे जाते त्याला तो शब्द धड उच्चारता येत नाही, मग तो आजार कुणाला होतो हे ठाऊक असणे दूरच. डॉक्टर त्याला थोडक्यात पीकेयू म्हणतात. युरोपात साधारण दहा हजार जन्मांमागे एका बाळाला तो असतो. एवढ्या विरळ आजाराने जगभरच्या अनेक सूतिकागृहांना एक रिवाज दिला. बाळ दोन-तीन दिवसांचे झाले की त्याच्या टाचेला टोचायचे आणि रक्ताचे थेंब जाड टीपकागदावर घ्यायचे.

आजार साधा आहे, निदान सांगायला तरी. दूध, डाळ, अंडी, मासे अशा सगळ्या प्रथिनांत, आणि त्या ॲस्पार्टेममध्येही, फिनाइलॲलनिन नावाचे अमिनो आम्ल असते. यकृतातले एक विकर त्याचे रूपांतर करते. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेले जनुक आलेल्या बाळात हे विकर चालत नाही. मग ते आम्ल रक्तात साचते आणि वाढत्या मेंदूला मारत राहते. बाळ जन्मते तेव्हा दिसायला ठणठणीत असते. काहीतरी चुकते आहे हे आईबापांच्या ध्यानात येते तेव्हा बरेच महिने निघून गेलेले असतात.

नॉर्वेतल्या बोर्ग्नी एगेलांड यांचे असेच झाले. थोरली लिव्ह आणि धाकटा डाग, दोघेही मतिमंद. बाईंनी अनेक डॉक्टर पालथे घातले. मुलांच्या लघवीला एक विचित्र, कुबट वास येतो, याचा मुलांच्या आजाराशी संबंध असेल का, एवढेच त्यांचे विचारणे होते. कुणी त्याची दखल घेतली नाही. १९३४ मध्ये हा प्रश्न ओस्लोच्या आस्ब्यॉर्न फ्योलिंग यांच्यापुढे आला. हे गृहस्थ डॉक्टर होण्याआधी रसायनशास्त्र शिकलेले, आणि माझ्या मते सगळी गोष्ट इथेच फिरली. नेहमीची तपासणी म्हणून त्यांनी लघवीत फेरिक क्लोराइड टाकले. तांबूस-तपकिरी रंग येईल किंवा काहीच होणार नाही अशी अपेक्षा होती. आला गडद हिरवा, आणि थोड्या वेळात उडूनही गेला. एखाद्या औषधाचा परिणाम असेल म्हणून त्यांनी आठवडाभर मुलांची सगळी औषधे थांबवायला सांगितली. रंग तोच. मग आईने आणून दिलेली सुमारे वीस लिटर लघवी उकळत, गाळत, स्फटिक काढत त्यांनी तो पदार्थ वेगळा केला: साचलेल्या फिनाइलॲलनिनपासून बनणारे फिनाइलपायरुव्हिक आम्ल. त्यानंतर मतिमंदांच्या संस्थांतल्या ४३० जणांची लघवी तपासली, त्यांत आणखी आठ सापडले.

मतिमंदत्व म्हणजे घराण्याला लागलेला कलंक अशी समजूत असलेल्या काळात एका प्रकाराचे कारण चक्क परीक्षानळीत दिसले होते. पण एगेलांड कुटुंबाच्या हाती काही लागले नाही. डाग लहानपणीच गेला.

कारण कळल्यावर उपाय सुचायला वेळ लागत नाही; तो हाताने करून पाहायला लागतो. जे फिनाइलॲलनिन पचत नाही ते खायला घालू नये, हे उघड होते. इंग्लंडमध्ये लायोनेल पेनरोज यांनी १९३०च्या दशकात फळे, साखर, ऑलिव्ह तेल असा आहार देऊन पाहिला, पण प्रथिनाशिवाय मूल वाढणार कसे? ही अडचण सुटली ती १९५१ च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात. तिथे होर्स्ट बिकेल या जर्मन डॉक्टरांकडे शीला नावाची सतरा महिन्यांची मुलगी आली. बसता येत नव्हते, उभे राहता येत नव्हते, दिवसभर रडणे आणि डोके आपटणे. पीकेयूचे निदान झाले. आईला निदानाचे कौतुक नव्हते. ती रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहून विचारायची, मग उपाय काय?

तिच्या रेट्यापुढे डॉक्टर कामाला लागले. लंडनच्या लुई वुल्फ यांनी वाट सुचवली होती: दुधातल्या केसीनचे विघटन करायचे आणि ते कोळशाच्या भुकटीतून गाळून नको ते आम्ल काढून टाकायचे. बिकेल, जॉन जेरार्ड आणि एव्हलिन हिकमन्स यांनी थंड खोलीत बसून ते हाताने तयार केले. काही महिन्यांत शीला रांगू लागली, उभी राहू लागली, डोळ्यांत तेज आले, केस काळसर होऊ लागले. हे खरेच आहाराने झाले का, हे ठरवण्यासाठी डॉक्टरांनी आईला न सांगता तिच्या आहारात रोज पाच ग्रॅम फिनाइलॲलनिन मिसळले. मूल पुन्हा ढासळले, आई धावत आली. आज कुठलीही नीतिसमिती असा प्रयोग मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्या प्रयोगानंतर शंका घ्यायला जागा उरली नाही. मात्र शीलाच्या मेंदूची जी हानी आधीच झाली होती ती भरून निघाली नाही. उपचार हाती आला होता, वेळ निघून गेली होती.

मग वेळ गाठायची कशी? लघवीत तो हिरवा रंग दिसायला जन्मानंतर काही आठवडे जावे लागत. अमेरिकेतल्या बफेलोचे रॉबर्ट गथ्री मूळचे कर्करोगाचे संशोधक. त्यांचा एक मुलगा मतिमंद होता, वेगळ्या कारणाने. मेव्हणीच्या मुलीला मात्र पंधराव्या महिन्यात पीकेयू निघाला. त्यांची युक्ती अशी: जिवाणूंच्या थाळीत त्यांची वाढ रोखणारा पदार्थ घालायचा, वर रक्त वाळलेल्या टीपकागदाची टिकली ठेवायची. रक्तात फिनाइलॲलनिन जास्त असेल तर तो अडसर निकामी होतो आणि टिकलीभोवती जिवाणूंचे वलय उमटते. जेवढे आम्ल जास्त, तेवढे वलय मोठे. वाळलेला कागद टपालाने पाठवता येई, हे तर सोन्याहून पिवळे. दोन वर्षांत २९ राज्यांतली चार लाख बाळे तपासली गेली, ३९ मुले सापडली. १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्सने ही चाचणी कायद्याने सक्तीची केली. गथ्री यांनी स्वतःसाठी स्वामित्वधन घेतले नाही, आणि एका कंपनीला मिळू घातलेला चाचणीचा एकाधिकार महागाईचे कारण देत हाणून पाडला.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. सुरुवातीला काही बाळांचे रक्तातले प्रमाण उगाच चढलेले असे. त्यांनाही कडक आहारावर ठेवले गेले, आणि काहींची उपासमार झाली. पाचसहा वर्षांनी मेंदूची वाढ पुरी होते असे समजून पुष्कळ मुलांचा आहार थांबवला जाई. त्यातल्या मुली मोठ्या झाल्या, संसाराला लागल्या, आणि त्यांच्या पोटी पीकेयू नसलेली पण लहान डोक्याची, मंद बुद्धीची बाळे जन्मली. आईच्या रक्तातले आम्ल गर्भाला बाधले होते. १९८० मध्ये हे चित्र पुरते स्पष्ट झाल्यावर सल्ला बदलला: आहार जन्मभर.

मराठी स्वयंपाकघरात याचा अर्थ काय, ते पाहावे. वरण नाही, ताक नाही, अंडे नाही, मासळी नाही; भात आणि भाकरी वजन करून. साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नसते, म्हणून खिचडी चालते, पण दाण्याच्या कुटाशिवाय. बाकीचे पोषण बेचव, महागड्या पावडरीतून. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात अशा खास आहारावर चालणाऱ्या आजारांत पीकेयूचा समावेश आहे, परळचे केईएम रुग्णालय ठरवून दिलेल्या केंद्रांपैकी एक आहे, आणि २०२२ पासून मदतीची मर्यादा रुग्णामागे ५० लाख रुपये आहे. पण मदत निदानानंतर मिळते. नवजात बाळांची तपासणी देशभर सक्तीची नाही. गोव्याने २००८ मध्ये सरकारी पातळीवर ती सुरू केली होती. बाकी बहुतेक ठिकाणी ती रुग्णालयाच्या आणि आईबापांच्या मर्जीवर आहे.

पीकेयू आपल्याकडे फारसा आढळत नाही, मग हा खटाटोप कशाला, असा प्रश्न काही डॉक्टरही विचारतात. त्याच थेंबांत जन्मजात थायरॉइडची कमतरताही कळते. ती कितीतरी अधिक बाळांना असते, वेळीच कळली नाही तर मेंदूवर तसाच घाला घालते, आणि तिचा उपचार म्हणजे रोजची एक स्वस्त गोळी. तेव्हा घरात बाळंतपण असेल तर सूतिकागृहातून निघण्याआधी एवढे विचारून घ्यावे: टाचेच्या रक्ताची तपासणी झाली का, कोणकोणत्या आजारांसाठी झाली, आणि अहवाल कधी मिळेल? तो बारशाच्या आत हातात पडायला हवा.