फिल्म प्रिंटर, रुंद (वापरलेला)

स्क्रीन प्रिंटिंगची फ्रेम एक्स्पोज करण्यासाठी लागणारी पारदर्शक पॉझिटिव्ह काढणारा मोठ्या मापाचा इंकजेट प्रिंटर. धंद्यात साधारणपणे 17 इंच आणि त्यापुढच्या यंत्राला रुंद म्हणतात. 24, 36 आणि 44 इंच ही त्यापुढची रूढ मापे. नव्या यंत्राची किंमत छोट्या कारखान्याला झेपत नाही, त्यामुळे फोटो स्टुडिओ, प्रूफिंग विभाग किंवा आर्किटेक्टच्या कार्यालयातून निघालेले जुने यंत्र घेण्याकडे बहुतेकांचा कल असतो. असे यंत्र पारखण्याच्या कसोट्या फोटो छापणाऱ्याच्या कसोट्यांहून बऱ्याच वेगळ्या आहेत.

इमेजसेटरच्या काळात हा प्रश्नच नव्हता. लेझरने चांदीच्या फिल्मवर ठिपके उमटवून रसायनात धुतलेली पॉझिटिव्ह बाजारातल्या फिल्मवाल्याकडून मिळत असे आणि तिचा काळा रंग खरोखर काळा असे. ऑफसेटवाले फिल्म सोडून थेट प्लेटवर गेले तशी ही दुकाने कमी झाली. स्क्रीनवाल्यांपुढे दोनच वाटा उरल्या: बटर पेपरवर लेझर प्रिंट काढणे किंवा इंकजेट फिल्म. लग्नपत्रिका, पिशव्या, स्टिकर यांना बटर पेपर अजून चालतो. मात्र लेझर प्रिंटरच्या उष्णतेने तो आकसतो, टोनर विरळ बसतो आणि चार रंगांचे काम जुळत नाही.

फिल्मचा काळा डोळ्यांसाठी नसून फ्रेमच्या जाळीवर लावलेल्या प्रकाशसंवेदी इमल्शनसाठी असतो. इमल्शन साधारण 350 ते 420 नॅनोमीटरच्या अतिनील-जांभळ्या प्रकाशाला प्रतिसाद देते. तो प्रकाश जितका अडेल तितकी फिल्म काळी, मग ती दिसायला कशीही असो. हाताने कापायची रुबीलिथ ही लाल फिल्म डोळ्यांना आरपार दिसते, तरी इमल्शनला ती भिंतीसारखी असते. उलट गडद दिसणारी एखादी काळी शाई अतिनील किरण सर्रास गाळून जाऊ देते. हा अडथळा घनतेच्या आकड्यात मोजतात. घनता 3 म्हणजे हजारातील एक भाग प्रकाश आरपार जातो, 4 म्हणजे दहा हजारांतील एक. स्क्रीनच्या कामाला 3.5 च्या आसपास किंवा त्याहून जास्त घनता असावी. ती कमी पडली की एक्स्पोजरची वेळ कमी ठेवावी लागते, इमल्शन पुरते कडक होत नाही आणि छपाई चालू असताना पिनहोल पडू लागतात. दोष मात्र बिचाऱ्या इमल्शनला लागतो.

एवढी शाई फिल्मवर ओतण्यासाठी रिप (रास्टर इमेज प्रोसेसर) सॉफ्टवेअर लागते. प्रिंटरचा नेहमीचा ड्रायव्हर काळ्यासाठी एकच काळी शाई वापरतो किंवा रंग मिसळून काळा तयार करतो. शिवाय पोस्टस्क्रिप्ट नसलेल्या प्रिंटरला हव्या त्या लाइन स्क्रीनचा आणि कोनाचा हाफटोनही तो देत नाही. अ‍ॅक्युरिप, फिल्ममेकर, वासॅच यांसारखी रिप सॉफ्टवेअर हाफटोन बनवतात. त्यांतली काही, अनेक चॅनेलमध्ये काळीच शाई भरून, ती सगळी एका वेळी चालवतात. अशा व्यवस्थेत आठ चॅनेलचे यंत्र म्हणजे एकच काम करणाऱ्या आठ नळ्या. त्यांतला एखादा चॅनेल कायमचा मेला तर रिपमध्ये तो बंद करून उरलेल्यांवर काम भागते.

म्हणूनच फोटोवाल्याने टाकलेले यंत्र स्क्रीनवाल्याला लाभू शकते. लाइट मॅजेंटा नीट येत नाही, त्वचेचा रंग हिरवट पडतो, कटर तुटला आहे, मुखवट्यावर ओरखडे आहेत, या तक्रारींनी किंमत पडते, पण पॉझिटिव्हचे काहीही बिघडत नाही. सौदा करताना त्या सगळ्या आवर्जून मोजून दाखवाव्यात. फिल्मवर ज्यांचा परिणाम होतो ते दोष वेगळेच: सरसकट सगळ्या चॅनेलमध्ये गळालेल्या नोझल, माध्यम पुढे सरकण्यातला अनियमितपणा आणि हेड झाकणाऱ्या कॅपची गळती.

हेड दोन प्रकारचे असते. कॅनन आणि एचपीच्या रुंद यंत्रांत शाई उष्णतेने उडवणारे हेड असते; ते झिजणारा भाग मानले जाते आणि ग्राहकाला स्वतः बदलता येते. एप्सनच्या यंत्रांतले पीझो हेड दाबाने शाई फेकते, यंत्राच्या आयुष्याइतके टिकावे अशी अपेक्षा असते, आणि ते गेले तर नव्या हेडची किंमत जुन्या यंत्राच्या किमतीला येऊन भिडते. तरीही फिल्मसाठी एप्सनचेच चलन अधिक, कारण रिप सॉफ्टवेअर आणि सुटी शाई बनवणाऱ्यांनी वर्षानुवर्षे त्याच यंत्रांना धरून काम केले आहे.

एप्सनचे स्टायलस प्रो 4880 हे 17 इंची यंत्र या वर्गाचा नमुना मानता येईल. आठ चॅनेल, प्रत्येकात 180 नोझल, किमान थेंब 3.5 पिकोलिटर, 110 किंवा 220 मिलिलिटरची कार्ट्रिज आणि ग्राहकाला बदलता येणारी वाया शाईची टाकी, असा त्याचा संच. त्याच पिढीतले 7880 हे 24 इंची आणि 9880 हे 44 इंची. टी-शर्टच्या बहुतेक कामाला 17 इंच पुरतात. साडी, चादर, बॅनर किंवा अंगभर छापायचे कपडे असतील तरच 24 च्या पुढे जावे, कारण रुंदी वाढली की जागा आणि हलवाहलवीचा त्रासही वाढतो. पुढच्या पिढीतले 4900 कागदावर सरस आहे, पण वापरणाऱ्यांत त्याची ख्याती हेड चोक होण्याबद्दल आहे. रोज न चालणाऱ्या कारखान्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. शुअरकलर टी मालिकेतली यंत्रे मुळात नकाशे आणि आराखड्यांसाठी असली तरी फिल्मलाही वापरली जातात.

भारतात या यंत्रांबरोबर एप्सनचा एल1800 हा 13 इंची सहा रंगी प्रिंटरही जुना म्हणून दाखवला जातो. तो रुंद नव्हे, पण छोट्या कामाला चांगला. फक्त तो आधी डीटीएफ (डायरेक्ट-टू-फिल्म) छपाईसाठी वापरला होता का, हे विचारावे. डीटीएफच्या पांढऱ्या शाईतले टायटॅनियम डायऑक्साइड तळाशी बसते आणि नळ्यांपासून हेडपर्यंत साका धरते. असे यंत्र धुऊन पुसून विकायला आलेले असले तरी टाळावे.

पाहणीला जाताना आपली फिल्म आणि भिंग बरोबर न्यावे. यंत्र आदल्या दिवसापासून बंद असेल तर उत्तम. विकणारा आपण पोचण्याआधीच दोन-तीनदा क्लीनिंग मारून ठेवतो, म्हणून थंड यंत्रावरचा पहिला नोझल चेक स्वतःच्या डोळ्यांसमोर काढून घ्यावा. मग तासभर काम चालवून पुन्हा काढावा. पहिल्यात तुटलेल्या रेघा क्लीनिंगनंतर भरून आल्या आणि तासाने पुन्हा त्याच जागी तुटल्या तर हवा शिरते आहे: डॅम्पर, कॅप किंवा नळीचा जोड खराब. हे भाग बदलता येतात. दर वेळी नेमक्या त्याच नोझल गैरहजर राहिल्या आणि कितीही क्लीनिंगने फरक पडला नाही तर हेडच गेले असे धरावे. झाकण उघडून कॅपच्या कडेला आणि वायपरवर सुकलेल्या शाईची पापुद्री आहे का, हेडच्या मागची पारदर्शक एन्कोडर पट्टी शाईने माखली आहे का, हेही पाहावे. यंत्राच्या मेनूतून निघणाऱ्या स्टेटस शीटवर आजवरच्या छपाईची नोंद असते. तो आकडा मोठा दिसला म्हणून घाबरू नये. रोज चालणारे जास्त छपाईचे यंत्र हे कोपऱ्यात दोन वर्षे झाकून ठेवलेल्या ‘फारसे न वापरलेल्या’ यंत्रापेक्षा बहुधा निरोगी निघते.

घनतामापक नसेल तर फिल्मवर इंचभराचा भरीव चौकोन छापून घ्यावा. इसार देऊन ती फिल्म घरी आणावी, नेहमीचे इमल्शन लावलेल्या फ्रेमवर ठेवून ठरलेल्या वेळेच्या दुप्पट एक्स्पोजर द्यावे आणि पाणी मारावे. चौकोनाखालचे इमल्शन स्वच्छ धुऊन गेले तर काळा पुरेसा आहे. धुताना ते चिकट राहिले किंवा जाळी अर्धवटच उघडली तर प्रकाश झिरपला. मात्र दोष शाईचा की यंत्राचा हे पाहण्यासाठी तीच परीक्षा दुसऱ्या शाईने पुन्हा घ्यावी लागते, आणि विकणारा तेवढी सवड देईलच असे नाही.

रंगजुळणीची परीक्षा त्याहून सोपी आणि जास्त निर्णायक. चारही कोपऱ्यांत रजिस्टर मार्क असलेली एकच फाइल रोलवर सलग दोनदा छापावी आणि दोन्ही फिल्म लाइट टेबलवर एकमेकींवर ठेवाव्यात. वरचे दोन मार्क जुळवल्यावर खालचे दोन सरकलेले दिसले तर रोल तिरका ओढला जातो किंवा लांबीत चूक येते. लांबीतली चूक फीडच्या सेटिंगने सुधारते. दर वेळी वेगळी येणारी चूक सुधारत नाही. तिथे रोलर झिजलेले असतात. भिंगातून हाफटोनच्या ठिपक्यांची कड पाहावी. ठिपक्याशेजारी शिंतोडे किंवा रेघेला दोन सावल्या दिसल्या तर आधी हेड अलाइनमेंट करून पुन्हा छापायला सांगावे.

यंत्र घेतले आणि रिप चालले नाही, असेही घडते. रिपचा परवाना बऱ्याचदा ठरावीक मॉडेलसाठी असतो आणि जुन्या रिपचा डोंगल नव्या विंडोजवर चालेलच असे नाही. यंत्राबरोबर ‘रिप फुकट’ मिळत असेल तर परवाना नावावर होतो का, हे लेखी घ्यावे. कार्ट्रिजवर आणि वाया शाईच्या टाकीवर चिप असते. पुन्हा भरता येणारी कार्ट्रिज आणि आपोआप रिसेट होणाऱ्या चिप त्या मॉडेलसाठी अजून मिळतात का, याची चौकशी सौद्याआधी करावी. पिगमेंट शाईच्या यंत्रात डाय शाई भरायची असेल तर मध्ये क्लीनिंग द्रवाने नळ्या पूर्ण धुवाव्या लागतात. दोन्ही शाया मिसळल्या की गाठी होऊ शकतात.

हवामानाचा मुद्दा महाराष्ट्रात दुहेरी आहे. एप्रिल-मेच्या विदर्भात कोरड्या हवेने हेड सुकते, तर पावसाळ्यात कोकणात सूक्ष्म छिद्रांच्या लेपाची फिल्म ओल धरते, शाई उशिरा वाळते आणि एकावर एक ठेवलेल्या पॉझिटिव्ह चिकटतात. खोलीतली आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांत राहिली तर दोन्ही टळते. उघडलेला रोल सिलिका जेलच्या पुडीसह पिशवीत बंद ठेवणे स्वस्त पडते.

यंत्र आणताना हेड कॅपवर नेऊन कुलूपबंद करावे आणि यंत्र आडवे न पाडता सपाट ठेवूनच टेम्पोत चढवावे, नाहीतर कॅपमधली शाई बोर्डावर सांडते. जागेवर आल्यावर आधी नोझल चेक काढावा. तो विकणाऱ्याकडच्या चेकशी ताडून झाल्यावरच उरलेले पैसे द्यावेत.