भारदे, शिवराम एकनाथ (‘भारद्वाज’)

ज्ञानेश्वरीचा कर्ता आणि ज्ञानदेवांच्या नावावरच्या अभंगांचा कर्ता एकच की दोन, हा वाद मराठीत उभा करणारे संशोधक. १८९८-९९मध्ये ‘सुधारक’ साप्ताहिकात ‘भारद्वाज’ या टोपणनावाने त्यांनी लेख लिहिले आणि दोघे वेगळे असल्याचे मांडले.

त्यांची भिस्त दोन गोष्टींवर होती. अभंगांत ‘बापरखुमादेवीवरु विठ्ठलु’ ही मुद्रा जागोजागी येते, तर शके १२१२च्या (इ.स. १२९०) ज्ञानेश्वरीत विठ्ठलाचे नावही नाही, तिथे नाथपंथी गुरुपरंपरा आहे. शिवाय अभंगांची भाषा बरीच अलीकडची वाटते. भिंगारकरबोवा, ल. रा. पांगारकर, सोनोपंत दांडेकर यांनी एकच ज्ञानेश्वर मानले. शंकराला माथ्यावर धरणाऱ्या देवाचा बाराव्या अध्यायातला उल्लेख पंढरीच्या विठ्ठलमूर्तीचाच, असे उत्तर पुढे आले. रा. द. रानडे यांनी दोन्हीकडच्या सारख्या शब्दकळेवर बोट ठेवले. नावावरून तर काहीच ठरत नाही: पसायदानातही कर्ता स्वतःला ‘ज्ञानदेवो’च म्हणवतो.

भाषेचा मुद्दा भारद्वाजांना वाटला तितका भक्कम नाही. पोथीतल्या ज्ञानेश्वरीतही अपपाठ शिरले होते, म्हणून तर एकनाथांनी १५८४मध्ये ती शुद्ध केली. मग टाळांवर रोज म्हटला जाणारा अभंग जुन्या रूपात कसा राहील? दोन ज्ञानेश्वर पटोत न पटोत, ज्ञानदेवांच्या गाथेतला कोणता अभंग खरा हे तपासायची निकड मात्र त्यांच्यामुळे निर्माण झाली, आणि ते काम अजून सरलेले नाही.

वारीच्या वाटेवर, हडपसरला, हा वाद कुणाच्या गावीही नसतो. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीतून नेत. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२च्या सुमारास माउलींचा, म्हणजे ज्ञानोबांचा, सोहळा वेगळा केला. आषाढवारीत पुण्याचा मुक्काम आटोपून दोन्ही पालख्या हडपसरच्या गाडीतळापर्यंत येतात. तिथून तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे निघतात, माउली दिवे घाट चढून सासवडला. त्या चढाला लागलेल्या दिंड्यांत ज्ञानेश्वरीचा कर्ता आणि हरिपाठाच्या अभंगांचा कर्ता एकाच पालखीत बसलेला असतो.