लग्नाचे करार आणि जळालेलं मंदिर: २४०० वर्षांपूर्वी ज्यू आणि इजिप्शियन शेजारी कसे राहत होते?

प्राचीन काळातले ज्यू आणि त्यांचे शेजारी म्हटलं की कायमच्या वैराचं चित्र डोळ्यांसमोर येतं. इजिप्तच्या एलिफंटाइन बेटावर सापडलेली इ.स.पू. ५ व्या शतकातली कागदपत्रं मात्र वेगळंच काही सांगतात.

ज्यू तिथे काय करत होते?

आजच्या अस्वानजवळ, नाईल नदीत हे बेट आहे. तेव्हा इजिप्तवर पर्शियन साम्राज्याची सत्ता होती आणि दक्षिण सीमेवरच्या या ठाण्यात ज्यू सैनिक कुटुंबांसह राहत. तिथे त्यांचं 'याहो' देवाचं मंदिर होतं. जवळच मेंढ्याचं शिर असलेल्या ख्नूम या इजिप्शियन देवाचं मंदिर होतं.

शेजाऱ्यांशी संबंध कसे होते?

अगदी नात्यागोत्याचे. मिबताहिया या ज्यू स्त्रीने एशोर या इजिप्शियन कारागिराशी लग्न केलं. करारानुसार घटस्फोट मागण्याचा हक्क तिलाही होता. याहोच्या मंदिरातल्या अनन्याने तामेत या इजिप्शियन दासीशी लग्न केलं होतं.

मग मंदिर का जाळलं?

इ.स.पू. ४१० मध्ये पर्शियन सुभेदार अर्शाम बाहेरगावी होता. ज्यूंच्या अर्जानुसार, ख्नूमच्या पुजाऱ्यांनी स्थानिक अधिकारी विद्रंग याला हाताशी धरलं आणि सैनिकांनी मंदिर पाडून जाळलं.

कारणांबद्दल अभ्यासकांचे वेगवेगळे अंदाज आहेत:

- धर्म: ख्नूमला मेंढा पवित्र, तर ज्यू मेंढ्यांचा बळी देत.
- जागा: दोन्ही मंदिरं जवळजवळ असल्याने हद्दीचे वाद होते.
- राजकारण: ज्यू परक्या सत्तेच्या नोकरीत होते. पर्शियन राजवटीविरुद्ध इजिप्तमध्ये असंतोष होता.

पुढे काय झालं?

तीन वर्षांनी, इ.स.पू. ४०७ मध्ये, ज्यूंचा प्रमुख यदन्या याने यहूदाचा राज्यपाल बगोही याला पत्र लिहिलं. मंदिर पुन्हा बांधण्याच्या बाजूने उत्तर आलं. त्यात धान्य आणि धूप अर्पण करण्याचा उल्लेख होता, पशुबळीचा नव्हता. तडजोड म्हणून पशुबळी सोडायला ज्यूही तयार झाले होते. इ.स.पू. ४०२ च्या एका घराच्या दस्तात या मंदिराचा पुन्हा उल्लेख येतो.

यातून काय समजतं?

ही हकीगत ज्यूंच्या बाजूने लिहिलेली आहे, हे विसरून चालणार नाही. तरी इतकं स्पष्ट दिसतं की लग्नं आणि जाळपोळ एकाच बेटावर, काही दशकांच्या अंतराने घडली. त्यामुळे हा संघर्ष फक्त 'पूर्वापार द्वेष' म्हणून सोडून देता येत नाही. श्रद्धा, जमीन आणि सत्ता या तिन्ही गोष्टी त्यात गुंतल्या होत्या.