'सिकलसेल' रक्तक्षय : एका शतकाचा इतिहास

वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटाचा वॉल्टर क्लेमेंट नोएल हा तरुण दंतवैद्यक शिकण्यासाठी १९०४ साली शिकागोस आला व त्याच वर्षाच्या अखेरीस रुग्णालयात दाखल झाला. त्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशी आढळल्या. डॉ. जेम्स हेरिक यांनी ही हकीकत १९१० साली प्रसिद्ध केली. या विकाराचा वैद्यकीय इतिहास तेथून सुरू होतो. नोएल पदवी घेऊन मायदेशी परतला, व्यवसायास लागला आणि १९१६ साली न्यूमोनियाने वारला. वय अवघे ३२. तथापि हा रोग असून तो इतकी वर्षे जगला, हेच विशेष होय.

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. ही वाकडी पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते. नव्या पेशी तितक्या वेगाने तयार होत नाहीत, म्हणून रक्तक्षय. आणि फुटलेल्या पेशींमुळे डोळे पिवळे. या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या म्हणजे हाडांत असह्य कळा येतात. प्लीहा तर बहुधा बालपणीच निकामी होते आणि मग साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो.

अमेरिकेत १९७३ साली अशा रुग्णांचे मध्य आयुर्मान सुमारे १४ वर्षे अंदाजिले गेले होते. १९९४ साली ते पुरुषांत ४२ व स्त्रियांत ४८ वर्षे आढळले. ही वाढ कोणा एका दिव्य औषधाने झाली नाही. वेळीच निदान, जंतुसंसर्गावर तत्काळ उपचार, नियमित देखरेख अशा साध्या गोष्टींचा तीत मोठा वाटा आहे. लहान बालकांस रोज पेनिसिलिन दिल्याने गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो, असे १९८६ साली दिसून आले. पण ज्या बालकाचा रोग घरच्यांस ठाऊकच नाही, त्यास ते देणार कोण? हायड्रॉक्सियुरियाने कळांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते, हे १९९५ साली सिद्ध झाले. २०२३ पासून काही देशांत जनुकोपचारास मान्यता मिळाली आहे. त्याचा खर्च मात्र आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे.

भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत आढळला आणि १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील नोंदी प्रसिद्ध केल्या. विदर्भातील अनेक जाती-जमातींत तो आहे. त्यात कुळास बट्टा लागण्यासारखे काही नाही. वाहकास घातक हिवतापापासून संरक्षण मिळते, असे डॉ. ॲलिसन यांनी १९५४ साली दाखविले. हिवतापाच्या मुलखांत तो टिकून राहिला तो याच कारणाने.

वाहक सहसा आजारी नसतो. परंतु आई व बाप दोघेही वाहक असता प्रत्येक गरोदरपणात अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तिन्ही निर्धास्त, हा हिशेब खोटा. नाणे मागची फेक लक्षात ठेवीत नाही. सुनेच्या माहेरास बोल लावण्याची आपली रीतही तितकीच खोटी, कारण दोष दोन्हीकडून आल्यावाचून हा रोग होत नाही.

राष्ट्रीय निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी हा तिचा मुख्य भाग होय. आपल्या वधू-वर सूचीत रास, गण, नाडी यांचे रकाने असतात. रक्ततपासणीचा रकाना मात्र छापू नये असे मला वाटते. मुलीच्या नावापुढे 'वाहक' असे छापले की स्थळे परत जातील. दोन्ही घरांनी साखरपुड्यापूर्वी तपासणीचे कागद एकमेकांस दाखवावेत. जोडीदाराच्या रक्तात असा कोणताच दोष नसेल, तर वाहकाच्या लग्नास या रोगाची आडकाठी नाही.